बाटल्या उकडणाऱ्या कुकरची कैफियत

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याकडे पाहिल्यावर ते लपत नाही. मी बावीस लिटरचा ॲल्युमिनियमचा प्रेशर कुकर आहे. माझ्या एका कुशीला पोचा आहे, तळ काळा पडला आहे आणि झाकणाची मूठ दोनदा बदललेली आहे. पण कुणी म्हातारा म्हटलं तर मला राग येतो. माझी शिट्टी अजूनही अख्ख्या कुंभारी गावाला ऐकू जाते.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला नीटसं आठवत नाही. एका यंत्राने चकती दाबून माझं पोट केलं, एवढंच आठवतं. त्यानंतर सोलापुरातल्या एका भांड्यांच्या दुकानात मी दोन वर्षं फळीवर बसून काढली. लग्नात भांडी द्यायला लोक यायचे, माझ्याकडे कौतुकाने बघायचे आणि पाच लिटरचा कुकर घेऊन जायचे. शेवटी धर्मपाल नावाचे एक गृहस्थ आले. त्यांच्या बायकोने, म्हणजे मीनाबाईने, कुंभारीत कामगारांसाठी खानावळ काढली होती. त्यांनी मला सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधलं आणि घरी आणलं. वाटेत तिघांनी त्यांना विचारलं, "लगीन हाय का कुणाचं?"

त्यानंतर पंचवीस वर्षं मी मीनाबाईच्या खानावळीत डाळ शिजवली. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते पावणेपाचला बंद पडलं ते पडलंच. कुणी त्यात सेल घातला नाही, कारण मीनाबाईला घड्याळाची गरजच नव्हती. तिचं सगळं वेळापत्रक माझ्या शिट्ट्यांवर चालायचं. तुरीच्या डाळीला तीन, हरभऱ्याला पाच, मटणाला आठ. त्यातही डाळ रोजची, म्हणून तीन शिट्ट्यांनंतर तिचा हात आपोआप गॅसच्या बटणावर जायचा. झोपेत शिट्टी ऐकली असती तरी तिने उठून गॅस बंद केला असता. कडक भाकरी आमटीत चुरून खाताना कामगार म्हणायचे, "मीनाबाईची डाळ कधी फसत न्हाय." काम माझं आणि कौतुक तिचं, पण मी ते मनाला लावून घेतलं नाही. फार नाही, थोडंच.

माझं आयुष्य असंच डाळीत संपलं असतं. पण मीनाबाईची लेक धम्मप्रिया पुण्याहून परत आली.

धम्मप्रिया वनस्पतीशास्त्र शिकलेली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती चार वर्षं बाटल्यांमध्ये केळीची रोपं वाढवत होती. एका केळीच्या कोंबाचे तुकडे करायचे, ते बाटलीतल्या खाऊवर ठेवायचे, आणि त्यांची हजार रोपं करायची. पण तिचा जीव ऑर्किडमध्ये अडकला होता. ऑर्किडची फुलं महिना महिना टिकतात, पण आमच्याकडचं ऊन लागलं की झाड मान टाकतं. धम्मप्रियाला सोलापूरच्या उन्हात तग धरणारं स्वतःचं संकरित ऑर्किड तयार करायचं होतं. ती नोकरी सोडून आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांच्या पिशवीपेक्षा मोठी एक कुंडी होती. कुंडीत कोळशाचे तुकडे आणि त्यावर एक काटकुळं झाड.

मीनाबाईने कुंडीत डोकावून पाहिलं. "माती कुटं हाय हिच्यात?"

"ह्या झाडाला माती लागत न्हाय, आई."

"मग खातंय काय?"

"हवेतनं घेतंय."

"मग ह्याला खानावळीत कशाला आणलंस?" असं म्हणून मीनाबाई हसली, आणि कुंडीसाठी खिडकीतली तिची लोणच्याची बरणी हलवून जागा करून दिली.

त्या जांभळ्या फुलांच्या झाडाने आदल्या उन्हाळ्यात पुण्याच्या गच्चीवर चांगला तग धरला होता. धम्मप्रियाने दुसऱ्या एका पांढऱ्या ऑर्किडचे पराग डबीत घालून आणले होते. दात कोरायच्या काडीने तिने ते या जांभळ्या फुलांत बसवले. पुढे त्याला तीन शेंगा धरल्या. ऑर्किडच्या एका शेंगेत लाखभर बिया असतात, आणि त्या पिठासारख्या बारीक असतात. बीमध्ये स्वतःची शिदोरी अजिबात नसते. म्हणून त्यांना बाटलीत गोड खाऊ करून द्यावा लागतो. पण गोड खाऊ म्हटला की बुरशी आधी धावत येते. त्यासाठी बाटल्या खाऊसकट वाफेच्या दाबाखाली पूर्ण निर्जंतुक कराव्या लागतात. त्याचं खास यंत्र असतं, पण ते काही धम्मप्रियाकडे नव्हतं. तिने स्वयंपाकघरात चौफेर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

मीनाबाईला दोन नवे स्टीलचे कुकर मिळाले. चकचकीत, पातळ आवाजाचे. मला ते फारसे आवडले नाहीत. माझ्या पोटात त्या दिवशी कॉफीच्या बारा रिकाम्या बाटल्या गेल्या. त्यांत नारळपाणी, साखर, कुस्करलेलं केळं आणि खाऊ घट्ट करायला चायना ग्रास. मला वाटलं, खीर असावी. मी मन लावून शिजवली आणि कुणीच खाल्ली नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असा अपमान माझा पहिल्यांदाच झाला.

आतल्या खोलीत धम्मप्रियाने मांडणी ठेवली, वर ट्यूबलाइट लावल्या आणि गाळलेली हवा सोडणारी एक पेटी सुताराकडून करून घेतली. त्या खोलीत मीनाबाईला बंदी होती. "तुझ्या अंगावर कायम पीठ असतं, आई. पिठासंगं बुरशी आत येती," धम्मप्रिया म्हणाली. मीनाबाईने मान डोलावली आणि ती भाकऱ्या थापायला गेली. त्या दिवशी भाकऱ्या जरा जाड झाल्या.

धम्मप्रिया सोलापुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून जायची. आठची बस चुकवून चालायचं नाही, आणि बिया संध्याकाळी परत आल्यावर गार झालेल्या बाटल्यांत पेरायच्या. म्हणून पेरणीच्या दिवशी ती पहाटे बाटल्या भरायची, मला गॅसवर चढवायची आणि आईला सांगायची, "पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक कर. तितनं वीस मिनिटांनी बंद कर."

"व्हय व्हय, जा तू. बस जाईल."

मित्रांनो, आता जे सांगतो ते ऐकून मीनाबाईला नावं ठेवू नका. पोरगी गेली. मी पहिली शिट्टी दिली. मीनाबाईने गॅस बारीक केला नाही, कारण बारीक गॅसवर शिट्टी येत नाही, आणि शिट्टी नाही आली तर मोजणार काय? मी दुसरी दिली. मी तिसरी दिली आणि तिचा हात बटणावर गेला. तिथे ती क्षणभर थांबली. "वीस मिनिटं? ह्यात काय दगड हायती व्हय? पाण्यासारखं तर हाय समदं." मग पोरीचं काम म्हणून तिने एक जास्तीची शिट्टी होऊ दिली. चौथी शिट्टी झाली आणि गॅस बंद.

मला ओरडून सांगावंसं वाटलं की मीनाबाई, अजून आत बुरशी जिवंत आहे. पण मला एकच भाषा येते, आणि मी जितक्या जोरात ओरडायचो तितका लवकर गॅस बंद व्हायचा.

पाचव्या दिवशी सगळ्या बाटल्यांत पांढरा कापूस पिंजून ठेवल्यासारखी बुरशी आली. पहिली शेंग वाया गेली. धम्मप्रियाला वाटलं, आपलेच हात चुकले. ती हात स्पिरिटने इतके पुसायला लागली की सालं निघाली. कुजलेल्या बाटल्या उघडायच्या नसतात, झाकणासकट पुन्हा कुकरमध्ये उकडून मग धुवायच्या असतात, हे तिने त्या ओट्यावर आणून ठेवताना आईलाही सांगितलं. ते काम ती रविवारी स्वतः करायची, मोबाइलमध्ये वेळ लावून, मीनाबाई बुद्धविहारात गेलेली असताना. म्हणजे बुरशीला मारायला मला पुरती वीस मिनिटं मिळायची, आणि बियांच्या खाऊला मात्र चार शिट्ट्या. हा न्याय कुणाला सांगायचा?

दुसऱ्या शेंगेच्या वेळी धम्मप्रियाने हुशारी केली. अकरा बाटल्यांत बिया पेरल्या आणि बारावी नुसतीच ठेवली. पाचव्या दिवशी बाराच्या बारा कुजल्या. जिच्यात काहीच पेरलं नव्हतं तीसुद्धा. म्हणजे दोष हातांचा नव्हता, दोष उकडण्यात होता. धम्मप्रिया स्वयंपाकघरात आली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की माझं झाकण सैल झालं.

"आई, हा कुकरच गेलाय. भंगारात द्यावा लागंल."

त्यात मे महिना आला. पारा चव्वेचाळीसच्या वर गेला आणि ते काटकुळं झाड वाळलं. पुण्याच्या गच्चीतलं ऊन आणि सोलापूरचं ऊन यात फरक असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिसरी शेंग धम्मप्रियाने वेळेवर काढून फ्रिजमध्ये ठेवली होती म्हणून वाचली. आता झाड नाही, फूल नाही, एक शेंग तेवढी उरलेली. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनी तिची जागा जुलैच्या मध्यापर्यंत राखून ठेवली होती.

"ही बी गेली तर मी जाते परत पुण्याला," धम्मप्रिया म्हणाली.

"तुजी मर्जी," मीनाबाई म्हणाली. त्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीत मीठ दोनदा पडलं. गिऱ्हाइकं पाणी पीत राहिली आणि कुणाची तक्रार करायची हिंमत झाली नाही.

भंगारात घालण्याआधी एकदा दाखवावं म्हणून रावजींना बोलावलं. रावजी म्हणजे सायकलवर फिरून स्टो आणि कुकर दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनी माझं झाकण उन्हात धरून पाहिलं, शिट्टी उघडून फुंकली, मला पाणी घालून गॅसवर ठेवलं आणि कान लावून बसले. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"ठणठणीत हाय की वो! असला पत्रा आता मिळत न्हाय. रबर तेवढं जुनं झालंय, नवं टाकतो." रबर बसवता बसवता त्यांनी सहज विचारलं, "मीनाताई, बाटल्यांना शिट्ट्या किती देता?"

मीनाबाईने अभिमानाने सांगितलं, "डाळीला तीन देते. पोरीच्या कामाला मात्र चार. त्यात कधी हयगय केली न्हाय."

धम्मप्रियाने बोटांवर चार मोजले आणि आईकडे बघितलं. रावजींना काही कळलं नाही, पण काहीतरी झालं हे कळलं, म्हणून त्यांनी हत्यारं गोळा केली आणि सायकल काढली.

"वीस मिनिटं म्हणले होते की गं, आई."

"वीस मिनिटं म्हणालीस. का, ते कुटं म्हणालीस?" मीनाबाईचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मला वाटलं गॅस वाचतोय तेवढा वाचवावा. तुज्याच कामाला व्हईल म्हनून."

राग कुणावर काढावा हे धम्मप्रियाला समजेना, आणि खरं सांगायचं तर मलाही समजेना.

तिसऱ्या शेंगेची पेरणी झाली त्या दिवशी मीनाबाईने माझ्यासमोर पाट टाकला. लेकीने मोबाइलमध्ये गजर लावून दिला होता. मी पहिली शिट्टी दिली, तिने गॅस बारीक केला आणि वीस मिनिटं ती माझ्याकडे टक लावून बसली. एरवी चौथी शिट्टी झाली असती त्या वेळेला तिचा उजवा हात उठला, तेव्हा तिने तो डाव्या हाताने धरून ठेवला. पाचव्या दिवशी बाटल्या स्वच्छ होत्या. दहाव्या दिवशीही स्वच्छ. या वेळीही अकरा पेरलेल्या आणि एक नुसती.

महिन्याभराने अकरा बाटल्यांत खसखशीच्या दाण्यांपेक्षा बारीक पांढुरके ठिपके फुगले. धम्मप्रियाला ते दिसले. पण उगाच आशा नको म्हणून तिने आईला काहीच सांगितलं नाही. नेमकं त्याच सुमारास तिला परीक्षेच्या कामाला आठवडाभर मंगळवेढ्याला जावं लागलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "लाइट गेली आन् तासाभरात न्हाय आली, तर आतल्या खिडकीला ओलं पोतं लाव. बाटल्यांना हात लावू नको."

ती परत यायच्या दिवशीच दुपारी लाइट गेली. तास झाला, दीड तास झाला. मीनाबाईने हात कोपरापर्यंत धुतले, धुतलेलं लुगडं नेसली आणि ओलं पोतं घेऊन पहिल्यांदाच त्या खोलीत शिरली. पोतं लावून वळली आणि मांडणीकडे बघून जागीच थिजली. अकरा बाटल्या आतून हिरव्या झाल्या होत्या. बारीक हिरव्या ठिपक्यांनी खाऊ झाकून गेला होता.

मीनाबाईने आयुष्यात हिरवे ठिपके एकाच ठिकाणी पाहिले होते, शिळ्या भाकरीवर. या घरात तिच्यापुढे आलेली प्रत्येक बाटली कुजलेलीच होती. चांगली बाटली कशी दिसते ते तिला कुणी दाखवलंच नव्हतं. बारावी बाटली मात्र स्वच्छ होती, कारण तिच्यात काहीच पेरलेलं नव्हतं. पण तेही मीनाबाईला ठाऊक नव्हतं.

तिने ती रिकामी बाटली पदराखाली झाकून बाहेर आणली आणि ओट्याच्या कोपऱ्यात देवासारखी जपून ठेवली. "एक तरी वाचू दे माज्या पोरीची." मग डोळे पुसत ती एकेक करून अकरा बाटल्या घेऊन आली आणि माझ्या पोटात ठेवायला लागली. रोग पसरायच्या आत कुजकी बाटली उकडायची, हा नियम ती शिकली होती. आणि या वेळी तिला चूक करायची नव्हती. पुरती वीस मिनिटं.

मित्रांनो, माझ्या पोटात हजारो जिवंत पोरं होती आणि मला शिट्टीशिवाय काही येत नव्हतं, तीसुद्धा सगळं संपल्यावर. म्हणून मी एकच गोष्ट केली. मी झाकण लावून घेतलं नाही.

मीनाबाईने झाकण फिरवलं, दाबलं, तेलाचं बोट लावलं. मला मांडीत घेऊन दोन्ही गुडघ्यांत धरलं. मी हललो नाही. शेवटी तिने रावजींना फोन लावला.

"नवं रबर हाय, ताठ असतंय," रावजी म्हणाले. "धा मिनिटं पाण्यात भिजवा."

ताठ रबर म्हणा हवं तर. मी माझ्या तोंडाने आणखी काय सांगू! तिने रबर भिजवलं, दहा मिनिटं गेली, आणि मग मात्र झाकण बसलं. माझा नाइलाज झाला. रबर भिजत होतं तेव्हा खबरदारी म्हणून तिने पाणी गळ्यापर्यंत भरलं होतं, तेवढाच आधार. गॅस पेटला. एवढं पाणी तापायला मला वेळ लागतो, आणि त्या दिवशी मी जितका लावता येईल तितका लावला.

पाणी कोमट होत होतं तेव्हा दारात धम्मप्रिया आली. तिने पिशवी टेकवली आणि तिची नजर ओट्यावर गेली.

"ही बाटली बाहेर का आणलीस गं?"

मीनाबाईने तोंड फिरवलं. "ही एकच वाचली बघ. बाकीच्या हिरव्या पडल्या. तू बघू नको, मी उकडून टाकते."

धम्मप्रियाने एक क्षण रिकाम्या बाटलीकडे बघितलं आणि दुसऱ्या क्षणी तिने झडप घालून गॅस बंद केला. झाकण एका झटक्यात निघालं. या वेळी मी अजिबात अडवलं नाही. तिने एक बाटली काढून गालाला लावली. मग दुसरी.

"कोमट हाय," ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही. "मे महिन्यात ह्यापरीस जास्त तापतंय हितं. आई, ही बुरशी न्हाय गं. उगवलंय! समदं उगवलंय!"

माझा जीव भांड्यात पडला. मीनाबाईला मात्र ते पटेना. तेव्हा धम्मप्रियाने आईचे दोन्ही हात स्पिरिटने पुसले, तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि तिच्या हातात भिंग दिलं. दार उघडंच राहिलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं. मीनाबाई भिंगातून बघत राहिली. प्रत्येक हिरव्या ठिपक्याला पानाचं एक इवलंसं टोक फुटलं होतं.

"किती हायती?"

"एका बाटलीत दोनशे तरी असतील."

"आन् मी ह्यास्नी..."

"चूक माजी हाय, आई. कुजलेल्या तेवढ्या तुज्यापुढं आणल्या. चांगलं काय ते कधी दाखवलंच न्हाय."

बराच वेळ मीनाबाईने भिंग सोडलं नाही. मग हळूच विचारलं, "मग पुण्याचं कसं करायचं?"

"ह्यास्नी टाकून कुटं जाऊ? वर्षभर बाटल्या बदलत ऱ्हावं लागंल. मग कुंडीत. फूल यायला तीन वर्षं तरी लागतील."

"तीन वर्षं!" मीनाबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिलो. फुलाला एवढा उशीर लागणार हे ऐकून इतका आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणाच्या हाती काम सोपवाल तेव्हा ते कशासाठी आहे तेही सांगत जा, आणि ते नीट झालं की कसं दिसतं तेही दाखवत जा. आम्हा जुन्या भांड्यांवर राग काढू नका, आम्ही सांगितलं तेवढं करतो. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल आणि त्याला भंगारात घालायचा विचार मनात आला, तर आधी गॅस कोण बंद करतंय ते बघा.